सॉरीचे चौदा प्रतिशब्द

माझ्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता आहे. वर लाल शाईत ‘सॉरी’ आणि खाली निळ्या शाईत त्याचे चौदा प्रतिशब्द. रिग्रेटफुल, अपोलॉजेटिक, रिमॉर्सफुल, रिपेंटंट, कंट्राइट, पेनिटंट, अशेम्ड. उरलेले सात मला पाठ आहेत, तुम्हाला नकोत. कोंढ्यात आणि आसपासच्या दहा गावांत एवढे शब्द कुणालाही येत नाहीत, याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे. ज्याला विचारलं तो म्हणाला, “सर, सॉरी म्हटलं तं पुरते ना.” अशा लोकांची मला फार कीव यायची.

मी श्यामराव. बत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, निवृत्त झालो आणि घराच्या पडवीत क्लास काढला. तीन एकर धानाचं शेत आहे. ते माझ्या नावावर आहे, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. रोपांचे पऱ्हे टाकण्यापासून मळणीच्या चुरण्यापर्यंत सगळं माझी बायको गोदावरी पाहते. आमच्याकडे भातखाचराला बांधी आणि तिच्या बांधाला धुरा म्हणतात; त्या धुऱ्यावर मी छत्री घेऊन उभा राहतो आणि रोपं रोवणाऱ्या बायांना “व्हेरी गुड” म्हणतो. नाही, ‘व्हेरी गुड’ नाही. तो बालवाडीतला शब्द आहे. मी ‘एक्सलंट’ म्हणतो.

साधा शब्द सापडला की त्याला बाजूला सारून भारी शब्द आणून बसवायचा, ही माझी खोड. मुलाने निबंधात ‘हॅपी’ लिहिलं की मी एक गुण कापायचो. अशा पाचशे शब्दांची एक पुस्तिका मी भंडाऱ्याच्या एका छापखान्यातून छापून घेतली. तिच्या अडीचशे प्रती अजून धानाच्या कोठीशेजारी रचून ठेवल्या आहेत. गोदावरी त्यांच्यावर मिरच्या वाळवते.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण ‘सॉरी’ या अर्थाचा एकही शब्द मी गोदावरीला कधी म्हटलेला नव्हता. चौदांपैकी एकही नाही. मराठीतला नाही, आपल्या बोलीतलाही नाही. तशी वेळच आली नाही, असं माझं मत होतं. गोदावरीचं मत मी विचारलं नव्हतं.

तर गेल्या मे महिन्यात माझा सत्कार ठरला. माझा जुना विद्यार्थी सचिन स्पर्धा परीक्षा पास होऊन सरकारी नोकरीत लागला आणि एका भाषणात म्हणाला की हे सगळं सरांच्या प्रतिशब्दांमुळे झालं. खरं तर त्याचा इंग्रजीचा पेपर सगळ्यात वाईट गेला होता, पण मी ते कुणाला सांगितलं नाही. गावातल्या चार लोकांनी शाल-श्रीफळाचा बेत केला. वीसेक पाहुणे येणार, जेवण आमच्याच घरी.

गोदावरी तेव्हा घरी नव्हती. तिच्या भावाकडे, नत्थूकडे, नाकाडोंगरीला लग्न होतं आणि ती चार दिवस आधीच तयारीला गेली होती. भाजी-वरणाला शेजारच्या मंगलाबाईंना बोलावलं. भाताचं पाहायला मी स्वतः कोठीच्या खोलीत शिरलो. रोजचा तांदूळ होता, पण तो जाड. शाल अंगावर घेऊन जाड तांदूळ वाढायचा, हे माझ्या मनाला पटेना. कोपऱ्यात दोन मडकी होती, तोंडं शेण-मातीने लिंपून बंद केलेली. एकाचं तोंड फोडलं. वर कडुलिंबाचा पाला, खाली बारीक, वासाचं धान. आता ते बियाणं आहे हे मला काय ठाऊक? मास्तर माणूस. मी दोन्ही मडकी पोत्यात रिकामी केली आणि ते धान गिरणीवर नेऊन भरडून आणलं.

भात असा झाला की काय सांगू. वास अंगणापर्यंत. पाहुण्यांनी तीन-तीनदा मागून घेतला. एकजण म्हणाला, “सर, टेस्टी हाय.” मी त्याला तिथल्या तिथे ‘टेस्टी’चे सहा प्रतिशब्द सांगितले. टाळ्या पडल्या. त्या दिवशी माझ्याइतका सुखी माणूस जिल्ह्यात नसेल.

सत्कारानंतर चौथ्या दिवशी लग्न आटोपून गोदावरी आली. पिशवी ठेवली, पाय धुतले आणि सवयीने कोठीच्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी गेलो तर ती रिकामं मडकं उलटं धरून उभी. पायाशी कडुलिंबाची चार पानं पडलेली.

“बी कुठं गेलं?”

“अगं, सत्कार होता ना,” मी हसत म्हणालो. “साऱ्यांनी तारीफ केली भाताची!”

तिने मडकं सरळ करून जागेवर ठेवलं. मग म्हणाली, “बरं.”

गोदावरीचे रागाचे प्रकार मला चांगले ठाऊक आहेत. भांडी आपटण्याचा आहे, टीव्हीचा आवाज वाढवण्याचा आहे, माझ्या पुस्तिकांवर ओल्या मिरच्या पसरण्याचा आहे. ‘बरं’ हा प्रकार मी पहिल्यांदा ऐकला.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, कपडे धुतलेले. बोलणं मात्र भिंतीशी. “भाजीत मीठ कमी हाय, ज्याले पाहिजे त्यानं घ्यावं.” “पंखा चालूच ठेवून गेलं कोनीतरी.” मी ऐकलंच नाही असं दाखवून मीठ घ्यायचो, पंखा बंद करायचो.

तिसऱ्या दिवशी नागपूरहून आमच्या मुलीचा, टीनाचा फोन आला. आईने तिला सगळं सांगितलं होतं.

“बाबा, ते आजीचं धान होतं. आईच्या लग्नात आजीनं बांधून दिलेलं. दरवर्षी तळ्याजवळच्या एवढ्याशा बांधीत वेगळं लावते ती. मामाकडे आता दुकानातलंच बियाणं असते. ते शेवटचं होतं.”

“असं होय,” मी म्हणालो.

“सॉरी म्हणून टाका ना. दोन सेकंदांचं काम आहे.”

“तो शब्द फार स्वस्त झाला आहे, टीना. धक्का लागला, सॉरी. शिंक आली, सॉरी.”

“मग महागाचा म्हणा! भिंतीवर चौदा लावले ना तुम्ही?”

फोन ठेवून मी तक्त्यासमोर उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी तो तक्ता कामासाठी वाचत होतो. ‘रिग्रेट’ म्हणजे खेद, पण खेद बस स्टँडवरच्या भोंग्यालाही होतो, गाडी दोन तास उशिरा असली की. ‘अपोलॉजाइज’ कागदावर सही करून करायचं काम. ‘पेनिटंट’ म्हणजे पश्चात्तापी, त्याला गुडघे टेकावे लागतात आणि माझे गुडघे दुखतात. ‘अशेम्ड’ त्यातल्या त्यात जवळचा, म्हणून मी त्याच्यावर थांबलोच नाही. तक्त्याच्या तळाशी मीच बारीक अक्षरात ‘सॉरी’चा दुसरा अर्थ लिहिला होता: दयनीय, केविलवाणा. त्या अर्थाने तर मी कधीचाच सॉरी होऊन बसलो होतो.

शेवटी एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘घडल्या प्रकाराबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे.’ वाचून स्वतःलाच बरं वाटलं. घडल्या प्रकाराबद्दल! जणू प्रकार आपला आपण घडला आणि मी तिथून चाललो होतो. ती चिठ्ठी मी चहाच्या बशीखाली ठेवली. संध्याकाळी तीच चिठ्ठी मला टेबलावर सापडली. मागच्या बाजूने तिने लिहिलं होतं: हळद, कपड्यांचं साबण, काडीपेटी. मी ते सामान आणून दिलं.

मग वाटलं, शब्द राहू दे, काही करून दाखवावं. भंडाऱ्याला गेलो आणि बाजारातल्या सगळ्यात मोठ्या दुकानातून वासाच्या तांदळाचा पाच किलोचा पुडा आणला. चकचकीत पिशवी, तिला प्लास्टिकची मूठ. तो तिच्यासमोर ठेवून म्हणालो, “घे. त्याच्याहून चांगला आहे.”

तिने पिशवी फोडली, चार दाणे तळहातावर घेतले. बारा दिवसांनी पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

“हे उगवते का?”

बत्तीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारले, पण असा प्रश्न मला कधी सुचला नाही. भरडलेला तांदूळ उगवत नाही हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी पिशवी उचलून कोठीत ठेवली आणि पडवीत जाऊन बसलो. पोरांना म्हणालो, आज शिकवणी नाही.

जूनचा पहिला आठवडा उजाडला. गावात पऱ्ह्याच्या जागा नांगरून तयार होऊ लागल्या. गोदावरीनेही बाकीच्या शेताचं बियाणं आणून ठेवलं, पण तळ्याजवळच्या त्या छोट्या बांधीकडे ती गेली नाही. मी धुऱ्यावरून पाहिलं, गेल्या वर्षीची धसकटं तशीच होती. या हंगामात ते धान जमिनीत पडलं नाही तर संपलं, कायमचं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पडवीत डोकावलेल्या शेजारच्या मंगलाबाईंनी कारण विचारलं तर मी उन्हाळ्यावर ढकललं.

त्याच दुपारी गोदावरी फोनवर टीनाशी बोलत होती. मी खिडकीशी उभा राहून ऐकलं. हो, चोरूनच.

“सुशीलेकडं असन तं असन,” ती म्हणत होती. “तुह्या जन्माच्या साली सूपभर दिलं होतं तिले. शहापूरले असते ती. पन मी कोन्या तोंडानं मागू? माह्या घरी खाऊन टाकलं म्हनून?”

सुशीलाबाई ही गोदावरीची लहानपणची मैत्रीण. दोघी नाकाडोंगरीच्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच कोंढ्याहून भंडाऱ्याची बस धरली, तिथून शहापूरची. घरी म्हणालो, “छापखान्यात काम आहे.” भिंतीला म्हणालो, म्हणजे.

सुशीलाबाईंचं घर हमरस्त्यापासून आत, गल्लीच्या टोकाला. ओसरीत त्या आणि आणखी तीन बाया चिंचा फोडत बसल्या होत्या. मी ओळख सांगितली तसं त्यांनी पाटावर बसवलं, पाणी दिलं. मी घसा साफ करून म्हणालो, “गोदावरीच्या आईच्या घरचं ते बारीक धान तुमच्याकडे आहे असं कळलं. थोडं बियाणं मिळालं तर फार उपकार होतील.”

“हाय ना,” सुशीलाबाई म्हणाल्या. “दरसाल टाकतो आमी. पन बी कसं गेलं तुमचं?”

हा प्रश्न कशाला, ते मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्यात रीत आहे. दुसऱ्याच्या घरी बी मागायला गेलं की आपलं बी कसं गेलं ते आधी सांगायचं. उंदराने खाल्लं, पाण्यात गेलं, टाकलं पण उगवलं नाही, जे असेल ते खरं खरं. खोटं सांगून नेलेलं बी उगवत नाही, असं बाया मानतात. चौतीस वर्षं धानाच्या घरात राहून ही रीत मला ठाऊक नव्हती.

“संपलं,” मी म्हणालो.

“कसं संपलं?”

“म्हणजे, वापरण्यात आलं.”

“कोनं वापरलं?”

“एक कार्यक्रम होता. त्या कार्यक्रमाच्या निमित्ताने त्याचा...”

“उंदरं होते का जी?” दुसरी बाई म्हणाली.

“असन,” तिसरी म्हणाली, “दोन पायाचे.”

तिघी हसल्या. सुशीलाबाई हसल्या नाहीत. हातातली चिंच खाली ठेवून त्या थांबल्या. मी मनात शब्द शोधत होतो. ‘सेवन झालं.’ ‘खर्ची पडलं.’ ‘उपयोगात आणलं गेलं.’ पाचशे शब्दांच्या पुस्तिकेचा कर्ता मी, आणि एकही शब्द असा मिळेना की ज्याच्या मागे लपता येईल.

“मी खाल्लं,” मी म्हणालो.

“चुकून?”

आता इथे ‘हो’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. आणि थांबा, तुम्हालाही एक सांगायचं आहे. ते बियाणं आहे हे मला काय ठाऊक, असं मी मघाशी तुम्हाला म्हणालो ना? ते खोटं होतं. गेली चौतीस वर्षं दर हिवाळ्यात गोदावरी ते धान वेगळं वाळवते, पाला घालते, तोंड लिंपते आणि लिंपताना आईची आठवण काढते, हे मी याच डोळ्यांनी पाहत आलो होतो. मडकं फोडताना मला सगळं ठाऊक होतं. वीस माणसांत आपल्या घरचा भात नावाजला जावा, एवढंच मला हवं होतं.

“चुकून नाई,” मी म्हणालो, आणि कसं कोण जाणे, बत्तीस वर्षं शाळेत घासून-पुसून काढलेली माझी बोली तोंडात आली. “मले मालूम होतं. मालूम असून खाल्लं.”

ओसरीत कुणी हसलं नाही. सुशीलाबाई उठल्या, आत गेल्या आणि सुपात धान घेऊन आल्या. एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधता बांधता म्हणाल्या, “गोदीकडून मी नेलं तवा मलेही सांगा लागलं होतं. आळस केला, वाळवलं नाई, बुरशी लागली म्हनून. लय लाज वाटली होती जी. पन उगवलं.”

परतीच्या बसमध्ये गाठोडं मांडीवर धरून बसलो. मनात हलकं वाटत होतं. मी स्वतःवर खूश होतो, खोटं कशाला सांगू. वाटलं, जमलं एकदाचं. आता तक्त्यावर पंधरावा शब्द लिहायला हरकत नाही.

घरी आलो तेव्हा गोदावरी अंगणात तांदूळ निवडत होती. मी गाठोडं तिच्यासमोर ठेवलं. तिने गाठ सोडली, धानात बोटं घातली, मूठभर नाकाशी नेलं. कितीतरी वेळ तिने ती मूठ तशीच धरून ठेवली.

“सुशीलेकडं गेलते?”

“हो.”

“बी कसं गेलं म्हनून सांगतलं?”

म्हणजे तिला रीत ठाऊक होती. “खरं सांगितलं. मी खाल्लं म्हणालो. मालूम असून.”

“अजून कोन होतं तिथं?”

“तिघी बाया.”

“म्हंजे चौघींले सांगतलं,” ती म्हणाली. मूठ उघडून तिने धान गाठोड्यात सोडलं. “अन् मले?”

बसमध्ये जे हलकं हलकं वाटलं होतं ते सगळं गेलं. शहापूरला परक्या बायांसमोर बोलणं सोपं होतं, हे मला तेव्हा कळलं. जिचं नुकसान केलं तिच्या तोंडावर बोलणं अवघड. मी तिच्यासमोर खाली बसलो. गुडघे दुखले.

“माह्यं चुकलं, गोदा. तुह्या आईचं होतं. तुले विचारलं नाई. मले मालूम होतं.”

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. एक खडा काढून फेकला, दुसरा काढून फेकला. मी तसाच बसून राहिलो.

“भात तरी चांगला झाला होता का?” तिने मान वर न करता विचारलं.

“मोकळा झाला होता. वास अंगणापर्यंत.”

“मंग एक वाटी माह्यासाठी ठेवाची होती,” गोदावरी म्हणाली. “पाहुन्यासाठी, नैवेद्यासाठी, बियासाठी, सारं त्याच्यातच सरते. आईच्या घरून आली तवापासून मी पोटभर नाई खाल्ला.”

चौतीस वर्षं एका घरात राहून ते मला ठाऊक नव्हतं. मला तिथेच, उन्हात, रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवता आलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने तळ्याजवळची बांधी नांगरायला लावली. पऱ्हे उगवले, रोवणी झाली. या वर्षी मी धुऱ्यावर नाही, चिखलात उभा राहिलो आणि बायांनी मला “एक्सलंट सर” म्हणून पुरेपूर वसूल केलं. दिवाळीनंतर धान घरी आलं. गोदावरीने आधी दोन मडकी भरली, पाला घातला, तोंडं लिंपली. कुलूप लावेल, माळ्यावर चढवेल असं मला वाटलं होतं. तिने ती जुन्याच कोपऱ्यात ठेवली, माझा हात सहज पोचेल अशी.

मग उरल्या धानातून दोन शेर भरडून आणलं आणि मी म्हणालो, आज भात मी करतो. पाणी जास्त झालं. भात गचका झाला, खाली थोडा लागलाही. मी तिचं ताट वाढलं आणि समोर बसलो. तिने पहिला घास खाल्ला. कसा झाला म्हणून विचारायची माझी हिंमत होईना. ती मुकाट्याने जेवत राहिली. ताट रिकामं झालं तसं तिने ते माझ्याकडे सरकवलं.

“वाढा अजून,” ती म्हणाली.